घरचं अनुदान

दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन इथपर्यंत वाचून कुणाला लाडू आठवले तर तो वाचणाऱ्याचा दोष नाही. पण पुढची ओळ दहा किलो शेणाची आहे. त्याखाली पाच ते दहा लिटर गोमूत्र, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. एका एकराचं जीवामृत एवढ्यात होतं. पिंप सावलीत ठेवायचं, तोंडावर गोणपाट टाकायचं आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तेही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. शिबिरात वाटलेली पुस्तिका घ्या, नाहीतर यूट्यूबवरचा कुठलाही व्हिडिओ घ्या; शेण किती ताजं, गाय कुठल्या जातीची, गूळ काळा की पिवळा यावर भरपूर चर्चा मिळेल. काठी कुणाच्या हातात, एवढंच कुठे मिळत नाही. काठी पिंपासोबतच येते आणि आपली आपण फिरते, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रत्यक्षात दोन-तीन एकरांच्या सेंद्रिय शेतावर ती बहुधा घरातल्या एखाद्या बाईच्या हातात असते, आणि काठीइतकीच ती बाईही हिशेबाबाहेर असते. माझं म्हणणं असं, की लहान सेंद्रिय शेतातून रसायनाची एक गोणी किंवा एक बाटली बाहेर गेली की तिच्या जागी घरातलं एक माणूस येऊन उभं राहतं. गोणीची पावती असते, माणसाची नसते. म्हणून ही शेती कागदावर स्वस्त दिसते आणि ओसरीवर सगळे दमलेले दिसतात.

गोणीपासूनच सुरुवात करू. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. तेव्हा तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून जास्त शेणखत लागतं. गोणी एक माणूस खांद्यावर टाकतो आणि मध्ये एकदा तंबाखू मळायला थांबून बांधापर्यंत नेतो. चार टन खत उकिरड्यातून उपसून वीस किलोच्या पाटीनं रानात पसरायचं तर दोनशेच्या वर पाट्या होतात, आणि पाटी डोक्यावर असताना तंबाखू मळता येत नाही. यावर सेंद्रियवाले म्हणतील की शेणखत नुसतं नत्रावर मोजू नका. ते माती भुसभुशीत करतं, ओल धरून ठेवतं, स्फुरद-पालाश देतं. आणि युरियातलं बरंचसं नत्र पिकाला मिळण्याआधीच हवेत नाहीतर पाण्यात निघून जातं. सगळं कबूल. पण मातीचे गुण कितीही सुधारले तरी पाटीचं वजन काही कमी होत नाही. शिवाय युरिया २६६ रुपयांत पडतो तो सरकार मधला फरक भरतं म्हणून. शेणखतालाही अनुदान आहेच. फक्त ते दिल्लीहून येत नाही, माजघरातून येतं, आणि त्यासाठी कुठल्याही अर्थमंत्र्याला तरतूद करावी लागत नाही.

अर्थमंत्र्यांचं नाव निघालंच आहे तर २०१९ च्या जुलैतलं केंद्रीय अर्थसंकल्पाचं भाषण बघू. त्यात झिरो बजेट शेतीचा गौरवानं उल्लेख झाला होता. जिला काही लागतच नाही तिचा अर्थसंकल्पात उल्लेख करण्यात मोठी सोय असते. हे नाव रूढ केलं अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं शून्य तसं फसवं नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. बाहेरून काही विकत आणायचं नाही आणि मुख्य पिकाला जो खर्च येईल तो आंतरपिकाच्या उत्पन्नातून काढायचा, असा त्या शून्याचा अर्थ. गणित चोख आहे. पण आंतरपीकही खुरपावं लागतं, तोडावं लागतं, जुड्या बांधून बाजारात न्यावं लागतं, आणि एका रानात पाच पिकं म्हणजे पाच वेळा वाकणं. आता घरातली तीन माणसं रोज चार-चार तास राबतात असं धरू. शेतकऱ्याच्या घरात हे सांगितलं तर ते चारच्या आकड्याला हसतील, पण धरू. बारा तास म्हणजे दीड रोज. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. त्या दरानं दिवसाचे ४६८ रुपये, वर्षाचे १,७०,८२० रुपये. सण, लग्नं, तेरावी यांना सुट्टी धरलेली नाही, कारण गाय आणि पिंप ती धरत नाहीत. पावणेदोन लाखांच्या आसपासची ही रक्कम शून्याच्या पोटात मावते, यावरून ते शून्य किती ऐसपैस असेल याची कल्पना करावी. पुढे पाळेकरांनी झिरो बजेट हे नाव सोडून पद्धतीला स्वतःचं नाव दिलं. शून्याच्या जागी माणूस आला, ही माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं प्रगतीच म्हणायची. फक्त काठी धरणारं माणूस अजून यायचं आहे.

किडींच्या खात्यात तर घरच्या माणसांना थेट युद्धावर पाठवलेलं असतं. नीमास्त्र, ब्रह्मास्त्र, अग्निअस्त्र अशी औषधांची नावं आहेत. पुराणातल्या योद्ध्याला अस्त्र सोडायला एक मंत्र पुरायचा. इथे अग्निअस्त्रासाठी तिखट हिरवी मिरची, लसूण, तंबाखू आणि कडुनिंबाचा पाला वाटून गोमूत्रात उकळावा लागतो. या उकळीला जो वास सुटतो त्याचा पहिला परिणाम किडीवर होत नाही, चुलीशी बसलेल्या माणसावर होतो; कीड तेव्हा दोन एकर लांब टोमॅटोवर निवांत असते. दशपर्णी अर्काचा थाट याहून मोठा. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, रुई, एरंड, पपई, कण्हेर, घाणेरी, गुळवेल असे दहा पाले जमवायचे, म्हणजे साधारणपणे शेळी ज्याला तोंड लावत नाही ते सगळं. ते शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचं आणि रोज ढवळायचं. दहा पाले एका बांधावर असण्याइतकी गावं आता घनदाट राहिलेली नाहीत, म्हणून दहा झाडांसाठी निदान चार दिशांना माणूस धाडावा लागतो, आणि या वनस्पतींची ओळख असणारं घरातलं एकमेव माणूस गुडघ्यांनी हैराण असलेले आजोबाच असतात. तयार झाल्यावर अर्क गाळायचा. तो नीट गाळला नाही तर पंपाचं नोझल तुंबतं, जीवामृत ठिबकमधून सोडलं तर ड्रिपर तुंबतात, आणि मग सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत ओळीनं बसायचं काम शाळेतून आलेल्या पोराकडे येतं. गाळायला सर्वांत चांगलं म्हणजे मऊ झालेलं जुनं सुती लुगडं. ते कुणाचं आणि तिला विचारलं का, हेही पुस्तिकेत नाही.

तणाचा विषय काढावा की नाही असा प्रश्न आहे, कारण एकदा काढला की तो परत उगवतो. तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन एक माणूस एका सकाळीत एकरभर रान फिरून येतो. तेच एकर खुरप्यानं काढायचं तर दहा-पंधरा बायांचा दिवस जातो, आणि पावसाळ्यात तीन आठवड्यांनी रान पुन्हा पहिल्यासारखं हिरवं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत खोल राहते, हराळी तुकड्यागणिक वाढते, आणि गाजरगवताबद्दल काय बोलावं. १९५० च्या दशकात त्याची नोंद पहिल्यांदा पुण्यात झाली आणि पुण्यातून आलेल्या इतर अनेक गोष्टींप्रमाणे तेही आपणच श्रेष्ठ अशा थाटात राज्यभर पसरलं. सेंद्रिय विचारात तण हा शत्रू नाही, आच्छादनाचा कच्चा माल आहे, हे तत्त्व सुंदर आहे. तण उपटून तिथेच आडवं टाकलं की माती झाकते, ओल टिकते, गांडुळं वाढतात. यातलं ‘उपटून’ एवढं सोडलं तर बाकी सगळं निसर्गच करतो. त्यातही घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी, टाकळा ही तणं घरी आणून निवडली की भाजी होते. पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात आणि शहरातली माणसं तिथे रांग लावून टाकळ्याची जुडी घेतात. मात्र तण भाजी झालं म्हणून काम कमी होत नाही. आधी फक्त उपटायचं होतं, आता निवडून, धुऊन जुडीही बांधायची असते.

आता कागदांकडे वळतो. सेंद्रिय म्हणवून घ्यायला प्रमाणपत्र लागतं. निर्यातीच्या कडक व्यवस्थेत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं रूपांतराचा काळ पाळावा लागतो. या काळात उत्पन्न सेंद्रियसारखं कमी आणि भाव रासायनिकसारखा साधा असतो. लहान शेतकऱ्याला परवडावी म्हणून २०११ पासून सहभागी हमी पद्धत आहे, तिला सगळे पीजीएस म्हणतात. निदान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, शपथ घ्यायची आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करायची. कल्पना चांगली आहे आणि स्वस्तही आहे, कारण तपासनीसाचा पगार वाचतो. तो कुणी वाचवला हे एव्हाना वाचकाच्या लक्षात आलं असेल. बियाणं कुठलं, फवारणी कधी, शेण कुणाच्या गोठ्यातलं हे सगळं वहीत तारखेनिशी लिहायचं असतं आणि ती वही बहुतेक घरांत सून नाहीतर कॉलेजातली मुलगी लिहिते, कारण मालकाचं अक्षर फक्त मालकाला लागतं. पण खरी कसोटी बांधावर आहे. शेजारच्या रानातली फवारणी उडून येऊ नये म्हणून सीमेवर मोकळा नाहीतर झाडांचा पट्टा सोडावा लागतो. शेजारी बहुधा चुलतभाऊ असतो. ज्या बांधाच्या अर्ध्या फुटासाठी आजोबांनी तालुक्याच्या कोर्टात उभी हयात घालवली, त्याच बांधाच्या आत आता नातवानं आपण होऊन काही फूट जमीन सोडायची आणि तिथे गिरीपुष्प लावायचं. महाराष्ट्रात शेतीचा सरासरी धारणा आकार २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होता, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्याशा रानाला चारी बाजूंनी पट्टा सोडायला आत्मबल लागतं, आणि त्या चुलतभावाला ‘उद्या वारा इकडचा आहे, जरा परवा मारा’ असं गोड बोलून सांगायला त्याहून जास्त. हे बोलणंही घरच्या माणसांचंच काम आहे. जावाजावांचं बोलणं चालू असेल तर फवारणीची आगाऊ बातमी मिळते. नसेल तर वासानं कळते.

एवढं करून भाजी पिकते, ती आठवड्याच्या टोपलीत भरून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत जाते. इथे नवं खातं उघडतं ते स्पष्टीकरणाचं. भेंडीत अळी निघाली तर ग्राहक विचारतो कीड कशी, आणि चार आठवडे अळी निघाली नाही तर विचारतो नक्की सेंद्रियच ना. पालक भोकाचा असला तर तो निसर्गाचा दाखला. पण निम्मी पानं चाळणी झालेली असली की निसर्गाचं कौतुक संपतं. मेमध्ये फ्लॉवर का नाही, ऑगस्टमध्ये सलग चौथ्या आठवड्यात दोडकाच का, गाजर इतकं काटकुळं कसं, या प्रश्नांना व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दहापर्यंत उत्तरं द्यावी लागतात. चंदनबटवा किंवा अंबाडी टोपलीत गेली तर सोबत कृतीही पाठवावी लागते, आणि ती पाठवणारी बाई दिवसभर खुरपून आलेली असते. अंबाडी शिजवून पाणी काढून टाका, कण्या घाला, लसणाची फोडणी वरून द्या, असं तिनं आवाजी संदेशात सांगितलं की पलीकडून विचारणा येते, कण्यांऐवजी ओट्स चालतील का. रासायनिक भाजी विकणारा मंडईत गठ्ठा टाकून निघून जातो. त्याच्या कोबीबद्दल कुणी तत्त्वज्ञान विचारत नाही. सेंद्रियचा भाव जास्त असतो तो असा बोलण्यात खर्च होतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. घरची माणसं नाहीतरी घरीच असतात. त्यांना बाहेर कोण कामाला बोलावणार, मग त्यांची मजुरी कशाला लावायची? हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः कुणाच्या तरी घरच्या माणसाच्या हातचं जेवून आलेले असतात. उत्तर सरकारनेच देऊन ठेवलं आहे. कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकांचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा त्याच्याकडे ‘ए-टू’ नावाचा हिशेब असतो, ज्यात हातानं मोजून दिलेले पैसे येतात. आणि त्याला जोडून ‘एफ-एल’ असतो, ज्यात घरच्या कष्टांचं मजुरीच्या दरानं काढलेलं मोल येतं. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली ती या दोन्हींच्या बेरजेवर लागू केली गेली. तो पाया कमी आहे, जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरा, असा शेतकरी संघटनांचा वाद आहे आणि तो रास्त आहे. पण दिल्लीतल्या रुक्ष आयोगालाही सासू, सून आणि आजोबा मिळून दोन इंग्रजी अक्षरांइतके तरी दिसतात. सेंद्रिय शेतीच्या यशोगाथेत, जिथे निसर्गाशी नातं, मातीशी नातं, गायीशी नातं अशी सगळी नाती असतात, तिथे नातेवाइकांना मात्र तेवढीही अक्षरं मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप तात्त्विक आणि म्हणून अधिक ऐटबाज. खरी नैसर्गिक शेती म्हणजे काही न करणं. तुम्ही करताय ते सगळं अजून पुरेसं नैसर्गिक नाही. इथे जपानच्या मासानोबु फुकुओका यांचं नाव येतंच. त्यांनी नांगरणी सोडली, खुरपणी सोडली, भाताच्या रानात पेंढा पसरून उत्तम पीक घेतलं. पण सुरुवातीला त्यांनी वडिलांची संत्र्याची बाग छाटणी न करता तशीच सोडून दिली, तेव्हा फांद्या एकमेकींत अडकल्या, कीड पडली आणि झाडं वाळून गेली, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. काही न करणं आणि सोडून देणं यांतला फरक त्यांना कळला, पण त्याची किंमत वडिलांच्या झाडांनी दिली. घरच्या अनुदानाची परंपरा अशी आंतरराष्ट्रीय आहे. आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची जी पद्धत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, आणि १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्यासोबत यशवंत वाड हे सहलेखक होते. त्या पद्धतीत काडीकचरा आणि शेणाचे थर रचून ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा असतो. तिथे ढीग उलटायला हॉवर्ड यांच्या संस्थेचे पगारी मजूर होते. पद्धत पुस्तकातून शेतावर आली तेव्हा थर आले, उलटण्याच्या तारखा आल्या; मजुरांचा हजेरीपट तेवढा इंदुरातच राहिला.

उत्पन्नाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो, कारण त्यात रासायनिकवाले बरेचसे बरोबर आहेत. ‘नेचर’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सेंद्रिय शेतीचं उत्पन्न पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळलं होतं. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली आणि काही महिन्यांत, भाताचं आणि चहाचं व्हायचं ते झाल्यावर, निर्णय मागे घेतला. यावरून सेंद्रिय शेतीच खोटी असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला त्यातून एवढंच दिसतं, की आदेशानं गोणी एका दिवसात बंद करता येते, पण तिच्या जागी उभं राहायला लागणारी माणसं, शेण आणि सवय आदेशानं आणता येत नाही. सिक्कीमला सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर व्हायला २०१६ उजाडलं. त्याआधी दहा-बारा वर्षांची तयारी होती. आणि या सगळ्या तुलना दर हेक्टरी असतात. दर सुनेमागे उत्पन्न किती, असा अभ्यास कुणी हाती घेतला तर आकडे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना अडचणीचे निघतील.

तेव्हा सेंद्रिय शेती सोडून द्या असं म्हणणं आहे का? मुळीच नाही. विष न खाणं, माती न मारणं, विहिरीचं पाणी पिण्याजोगं ठेवणं या गोष्टींना किंमत आहे, आणि किंमत आहे म्हणूनच ती कुणाच्या नावावर जमा होते हे विचारायचं. महाराष्ट्रात हे आधी विचारलं गेलं आहे. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकरी नवऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितलं, आणि नंतर चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला तेव्हा त्यातल्या दोन अंगांची नावं सीताशेती आणि माजघरशेती अशी ठेवली. शेतकऱ्याच्या मालाला भाव मागणाऱ्या माणसाला घरातल्या बाईच्या श्रमालाही भाव नाही हे दिसलं, याचं नवल नाही. नवल याचं, की आजच्या सेंद्रिय शेताच्या फाटकावरच्या पाटीवर गायीचं नाव असतं, कधी कुत्र्याचंही असतं, आणि सातबाऱ्यावर अकरा नावं असतात, ज्यांत न्यू जर्सीतला पुतण्या आणि हक्कसोडपत्रावर सही न केलेली आत्याही असते. जी बाई रोज त्या रानात असते तिचं नाव शोधायला मात्र चष्मा लागतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: घरच्या श्रमाची किंमत लावली तर मेथीची जुडी कुणी विकत घेणार नाही. हा खोटा आहे, आणि तो रविवारी खोटा ठरतो. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्याच्या आधीपासूनच शहराजवळच्या सेंद्रिय शेतांवर सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायला लागले होते. ते बैलगाडीत बसतात, गायीला घाबरत घाबरत हात लावतात आणि झाडाखाली पिठलं, भाकरी, ठेचा जेवतात. जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारं कुटुंब थाळीचे पैसे न बोलता देतं, वर चुलीचा फोटो काढतं. भाकरी तीच, थापणारी तीच. सोमवार ते शनिवार जिच्या भाकरीची किंमत शून्य असते, तिच्याच भाकरीला रविवारी दरपत्रक लागतं. म्हणजे बाजारभाव नाही असं नव्हे, तो फक्त पाहुणे आल्यावर सांगतात. आणि पाहुणे चाळीसच्या वर गेले की शेजारची एखादी बाई मदतीला बोलवावी लागते, तिला रोख रोज द्यावा लागतो, आणि तो वहीत लिहावा लागतो. एखाद्या सोमवारी सकाळी गोठ्यासमोर ती वही सासूबाईंच्या हाती लागेल, त्या चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचतील, आणि काठी पिंपाला टेकवून मुलाला विचारतील, की या बाईंना एका दुपारचे एवढे देता, तर माझे मागचे किती निघतात ते जरा मोबाइलवर बघून सांग.